पन्नासावा घाव: घण निवडताना मी काय पाहतो

घराच्या मागच्या बाजूला एक जुना काँक्रीटचा चौथरा होता, आणि तो फोडून काढण्यासाठी मी आयुष्यातला पहिला घण विकत घेतला. काम अवजड आहे, म्हणून घणही मिळेल तेवढा जड असावा, एवढाच विचार त्या वेळी माझ्या मनात होता. डोक्याचे वजन ७.३ किलो, म्हणजे जुन्या मापाने १६ पौंड, आणि दांडा ९० सेंटिमीटरचा. पहिले पंधरा-वीस घाव मनासारखे बसले. त्यानंतर खांदे भरून आले, घण वर नेताना थरथरू लागला, त्याचे तोंड, म्हणजे घाव बसणारी बाजू, तिरके पडू लागले, आणि तासाभरात एका घावात डोके चौथऱ्याच्या कडेपलीकडे गेले, दांडा कडेवर आपटला आणि डोक्याखाली वीतभर अंतरावर उभा चिरला.

दांड्याचे लाकूड वाईट निघाले, असे मी प्रथम समजलो. पण तो तुकडा उजेडात नीट पाहिल्यावर जिथे लाकूड चिरले होते तिथेच आधीच्या अनेक चुकलेल्या घावांचे खड्डे दिसले. लाकडाने शक्य होते तोवर सोसले होते. चुकला होता तो नेम, आणि नेम चुकला होता वजनामुळे. उरलेला चौथरा पुढे दगडफोडीच्या कामात हयात घालवलेल्या एका गृहस्थांनी ३.६ किलोच्या घणाने फोडून दिला, आणि त्यांचा शेवटचा घाव पहिल्या घावाइतकाच सरळ बसत होता. तेव्हापासून घण निवडताना मी एकच कसोटी मुख्य मानतो: पन्नासावा घाव पहिल्या घावाच्या जागी आणि तितक्याच सपाट तोंडाने बसला पाहिजे. बाकीच्या सगळ्या बाबी या कसोटीला कशा मदत करतात किंवा आड येतात, ते या लेखात सांगतो.

‘घण’ हा शब्द संस्कृतातील ‘घन’ या शब्दापासून आला आहे आणि त्याच्या मुळाशी ‘हन्’, म्हणजे प्रहार करणे, हा धातू आहे. घन म्हणजे भरीव, ठासलेले, असाही अर्थ आपण घेतो. अवजाराचे नाव प्रहारावरून पडले आहे आणि त्याचा भरीवपणा हा त्या प्रहाराला लागणारा गुण आहे, हा क्रम मला फार योग्य वाटतो, कारण विकत घेताना आपण नेमके उलट करतो. भरीवपणा आधी बघतो आणि प्रहाराचा विचार मागाहून करतो.

घणावर कोरलेला किंवा छापलेला आकडा केवळ डोक्याच्या वजनाचा असतो. दांड्याचे वजन त्यावर वेगळे. एका हाताने वापरायचे, आखूड दांड्याचे जड हातोडे साधारण १ ते २ किलोचे असतात, आणि छिन्नी मारणे, विटांचे काम, अडचणीच्या जागेतली तोडफोड यांसाठी ते पुरतात. दोन्ही हातांनी चालवायचे घण २.७ किलोपासून ९ किलोपर्यंत मिळतात. त्यांत ३.६, ४.५ आणि ५.४ किलो, म्हणजे ८, १० आणि १२ पौंड, ही मापे सर्वाधिक वापरली जातात. सवय नसलेल्या धडधाकट माणसाने सुरुवातीला ३.६ किलोच्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे थोडे गणित आहे.

घावाची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.६ किलोचे डोके सेकंदाला १० मीटर वेगाने आदळले तर त्यात १८० ज्यूल ऊर्जा असते. ५.४ किलोचे डोके दमलेल्या हातांनी सेकंदाला ८ मीटर वेगाने खाली आले तर ती सुमारे १७३ ज्यूल भरते. म्हणजे वजन दीडपट वाढवूनही ऊर्जा किंचित कमीच झाली. आता चढावाची बाजू पाहा. डोके जमिनीपासून दोन मीटर वर नेण्यासाठी हलक्या घणाला प्रत्येक वेळी सुमारे ७० ज्यूल आणि जड घणाला सुमारे १०६ ज्यूल काम करावे लागते, आणि शंभर घावांत एकूण उचललेले वजन एका बाजूला ३६० किलो, तर दुसऱ्या बाजूला ५४० किलो होते. दोन मीटरवरून नुसता सोडलेला घण, मग तो कितीही जड असो, सेकंदाला सुमारे ६.३ मीटर वेगानेच खाली पोहोचतो. त्याच्या वरचा सगळा वेग आपल्या पायांनी, कमरेने, खांद्यांनी द्यायचा असतो. शरीराला आणखी वेग देता येत नाही इतका जड घण उचलणारा माणूस प्रत्यक्षात केवळ वजन वर नेऊन खाली सोडत असतो.

याचा अर्थ जड घण निरुपयोगी आहे असा मात्र नाही. इथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो, जो मला बऱ्याच उशिरा कळला: काहीतरी फोडणे आणि काहीतरी ठोकून आत घालणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. खुंट, मेढ किंवा लोखंडी कांब जमिनीत ठोकताना आपल्याला ती वस्तू सरकायला हवी असते. तिचे डोके चेपायला नको असते. घण आणि खुंट घावानंतर उसळी न घेता एकत्र सरकले असे धरले, तर ऊर्जेचा जो वाटा सरकण्यासाठी उरतो तो घणाचे वजन भागिले दोघांचे मिळून वजन इतका असतो. ३.६ किलोच्या खुंटावर ३.६ किलोचाच घण मारला तर निम्मी ऊर्जा खुंटाचे टोक चेपण्यात, आवाजात आणि हादऱ्यात जाते. त्याच खुंटावर ७.२ किलोचा घण मारला तर दोन तृतीयांश ऊर्जा कामी येते. म्हणून जड खांब किंवा जाड कांबा ठोकताना जड घण संथपणे, थोड्याच उंचीवरून चालवावा. तिथे वजन खरोखर उपयोगी पडते आणि घाव मोजकेच असल्यामुळे दमछाकही आवरता येते.

फोडण्याच्या कामात अपेक्षा नेमकी उलटी असते. समोरची वस्तू हलू नये आणि ऊर्जा तिच्या आतच खर्ची पडून तडे जावेत, असे आपल्याला हवे असते. म्हणून तिथे वेग आणि नेम यांचे महत्त्व वजनाहून जास्त. त्यातही काँक्रीटचा स्वभाव जाणून घेतला तर निम्मे श्रम वाचतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. जमिनीवर सपाट टेकलेल्या फरशीच्या मध्यभागी घण मारत राहणे म्हणजे तिच्या सर्वांत बळकट बाजूशी झुंजणे. त्यातून खड्डा पडतो, धूळ उडते आणि हात झिणझिणतात. उलट पहारीने फरशीची कड दोन-तीन बोटे उचलून तिच्याखाली एक दगड सरकवला, पहार बाजूला घेतली आणि त्या पोकळ भागावर घाव घातला की फरशी वाकू पाहते, तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि जो काँक्रीटचा पट्टा वीस घावांना दाद देत नव्हता तो दोन-तीन घावांत मोडतो. कडेपासून वीतभर आत मारावे, मोडलेला तुकडा लगेच बाजूला करावा, म्हणजे पुढच्या तुकड्याला मोडून पडायला मोकळी जागा मिळते. माझ्या चौथऱ्याच्या बाबतीत मी ज्याला घणाचा दोष समजत होतो, त्यातला मोठा भाग या एका युक्तीच्या अभावाचा होता.

काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या असतील तर घण काँक्रीट मोकळे करील, पण सळई तोडणार नाही. ती कापण्याची सोय वेगळी ठेवावी लागते. आणि जाडी वीतभराच्या पुढे गेली, खाली उचलून पोकळी करण्याची सोय नसली, तर घणाचा हट्ट सोडून यंत्राने फोडावे किंवा ओळीने छिद्रे पाडून त्यांत पोलादी पाचरी ठोकाव्यात. कोणत्या कामासाठी घण घेऊच नये, हेही निवडीतच मोडते.

आता डोक्याचा आकार. दोन्ही बाजूंना सपाट तोंडे असलेला घण सर्वसाधारण कामाला चांगला, कारण एक तोंड झिजले तर दुसरे वापरता येते. एका बाजूला सपाट तोंड आणि दुसऱ्या बाजूला पाचरीसारखी निमुळती कड असलेला घण दगडासाठी आणि लोहारकामासाठी उपयोगी, कारण त्या कडेने घावाची सगळी ऊर्जा एका रेषेत उतरते. दगडाला हव्या त्या रेषेत तडा देता येतो आणि तापलेले लोखंड एका दिशेने पसरवता येते. ही कड दांड्याला आडवी आहे की समांतर, हे घेण्यापूर्वी पाहावे, कारण त्यावरून तडा आपल्याला आडवा पडणार की उभा, हे ठरते. लाकडाचे ओंडके फोडण्याचा, एका बाजूला कुऱ्हाडीसारखी जाड धार असलेला घण वेगळा असतो. लाकडी खुंट ठोकण्यासाठी मात्र पोलादी घणापेक्षा मोठा लाकडी हातोडा बरा, कारण तो खुंटाचे डोके चिरत नाही. यंत्राचे भाग सरकवायचे असतील तर तांब्या-पितळेच्या डोक्याचे, किंवा आत मोकळे पोलादी छर्रे भरलेले हातोडे वापरतात. हे छर्रे घावानंतर क्षणभराने पुढे आदळतात आणि हातोड्याची उसळी जिरवतात. जिथे ज्वलनशील वायू असण्याची शक्यता आहे, तिथे ठिणगीचा धोका कमी असलेल्या ब्राँझसारख्या मिश्रधातूचे हातोडे लागतात. तिथे साधा घण नेऊच नये.

पोलादाबद्दल एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. चांगल्या घणाचे डोके घडवलेल्या कार्बन पोलादाचे असते आणि त्याच्या तोंडांना पाणी देऊन ती कठीण केलेली असतात, तर मधला नेढ्याचा, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाभोवतीचा, भाग मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे तो हादऱ्याने तडकत नाही. कठीण पोलाद ठिसूळही असते. म्हणून घणाच्या तोंडावर दुसरा घण किंवा हातोडी कधीही मारू नये. दोन कठीण तोंडे एकमेकांवर आदळली की कडेची कपची गोळीसारखी उडते, आणि ती डोळ्यात गेली तर कायमची इजा होते. याच कारणाने चांगल्या घणाचे तोंड अगदी सपाट नसते; त्याला हलका फुगवटा असतो आणि कडा उतरत्या घासलेल्या असतात, म्हणजे घाव मध्यावर बसतो आणि कडेवर भार येत नाही. छिन्नी किंवा पाचर मारायची असेल तर घणाचे तोंड तिच्या डोक्यापेक्षा निदान १० मिलिमीटरने रुंद हवे. छिन्नीचे डोके मार खाऊन छत्रीसारखे पसरले असेल तर ती वापरण्यापूर्वी त्याच्या कडा घासून काढाव्यात. घण जुना घेत असाल तर कडेचे तुकडे उडालेले किंवा तोंडावर केसासारखी चीर असलेले डोके स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

दांड्याची लांबी ठरवण्याचा नियम साधा आहे, पण तो उंचीच्या कोष्टकात सापडत नाही. घाव बसतो त्या क्षणी दांडा मारायच्या पृष्ठभागाला समांतर असला पाहिजे. तरच तोंड पूर्ण टेकते. जमिनीवरच्या कामात गुडघे वाकवून हात खाली आणल्याशिवाय हे साधत नाही, आणि जे गुडघे वाकवत नाहीत त्यांच्या घणाची एक कड नेहमी आधी टेकते. लांब दांड्याने डोक्याला जास्त वेग मिळतो, मात्र नेम धरणे तितकेच अवघड होते. मोकळ्या जागेत, जमिनीवर किंवा गुडघ्याच्या उंचीवर काम असेल तर ८० ते ९० सेंटिमीटर ठीक. भिंत पाडताना, बोळकांडीत किंवा डोक्यावर छत असताना ६० सेंटिमीटरचा दांडा आणि हलके डोके घेतल्यास काम नीट होते. पूर्ण घुमवायला जागा नसताना लांब दांडा अर्ध्यावर धरून मारणारे लोक मी पाहिले आहेत. मागे राहिलेले टोक मग पोटात किंवा मांडीत लागते.

दांडा कशाचा असावा, यावर माझा कल लाकडाकडे आहे, आणि तो केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. हिकरी आणि अ‍ॅश ही लाकडे या कामासाठी नावाजलेली आहेत, कारण ती चिवट असतात, वाकून परत सरळ होतात आणि घावाचा हादरा हातापर्यंत पोहोचण्याआधी बराचसा पचवतात. शिवाय मोडलेला लाकडी दांडा घरच्या घरी बदलता येतो. फायबरग्लासचा दांडा चुकलेले घाव अधिक सोसतो, दमट हवेत फुगत नाही आणि कोरड्या हवेत आकसत नाही. पण तो नेढ्यात राळेने पक्का केलेला असल्यामुळे एकदा सैल झाला की सहज दुरुस्त होत नाही, आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिला तर वरचा थर झिजून त्याचे काचेचे बारीक तंतू हातात रुततात. पोलादी दांडा मोडत नाही, हे खरे. त्याची किंमत मनगट आणि कोपर मोजतात, मग त्यावर रबराची मूठ असली तरीही. ज्या ठिकाणी घण अनेक अनोळखी हातांत जाणार आहे तिथे फायबरग्लास घ्यावा, आणि जिथे एकाच माणसाने दिवसभर चालवायचा आहे तिथे लाकूड घ्यावे, असे मी सुचवीन. दोन्हींत डोक्याखाली रबराचे जाड कडे बसवलेले असेल तर उत्तम, कारण चुकलेला घाव पडतो तो नेमका तिथेच.

लाकडी दांडा निवडताना मी दुकानात सगळ्यात जास्त वेळ घालवतो. प्रथम दांड्याच्या टोकाकडून पाहावे: तिथे दिसणाऱ्या वलयांच्या रेषा घाव घालण्याच्या दिशेला समांतर, म्हणजे नेढ्याच्या लांब बाजूच्या दिशेने धावणाऱ्या असाव्यात. नंतर दांड्याच्या अंगावरून नजर फिरवावी: लाकडाचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेले पाहिजेत. ते मध्येच तिरके होऊन कडेतून बाहेर पडत असतील तर दांडा त्याच तिरक्या रेषेत फाटणार, हे जवळजवळ ठरलेले असते. गाठ असलेला दांडा ठेवून द्यावा. रंगाने किंवा जाड चकचकीत रोगणाने सगळे अंग झाकलेला दांडाही मी घेत नाही, कारण त्याचे तंतू दिसत नाहीत आणि घामेजलेल्या हातात तो सरकतो किंवा फोड आणतो. तसे रोगण घासून काढून जवसाचे तेल चोळले की मूठ चांगली बसते; मात्र तेलाची ती फडकी चुरगाळून ठेवू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

डोके दांड्यावर कसे बसले आहे, तेही पाहावे लागते. नेढे दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये किंचित अरुंद असते. दांड्याचे टोक त्यातून वर येते, त्याच्या खाचेत लाकडी पाचर बसते आणि तिच्यावर बहुधा आडवी किंवा तिरकी लोखंडी पाचर असते. त्यामुळे लाकूड वरच्या बाजूला फाकून डोके अडकवते. पाचरीभोवती फट दिसली किंवा डोके हाताने तसूभरही हलले तर तो घण त्या दिवशी कामाला घेऊ नये. सैल घण रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती घातक आहे. लाकूड फुगते तेव्हा नेढ्याच्या भिंतींत त्याचे तंतू चेपले जातात, आणि वाळल्यावर ते पूर्वीपेक्षा बारीक होतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी घट्ट वाटणारे डोके चौथ्या दिवशी अधिक सैल झालेले असते. घण हातात उभा, डोके खाली असा लटकता धरून दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोके द्यावेत. डोके जडत्वामुळे जागेवर राहते आणि दांडा त्यात खोल शिरतो. मग नवी पाचर मारावी.

शेवटी वजन पक्के करण्याची माझी चाचणी. दोन्ही हातांनी घण सावकाश खांद्यापर्यंत उचलावा आणि तितक्याच सावकाश खाली आणून जमिनीवर आखलेल्या एका खुणेच्या बोटभर वर थांबवावा. खुणेला टेकू द्यायचा नाही. असे दहा वेळा करावे. दहाव्या वेळी डोके थरथरले किंवा खुणेपासून ढळले, तर एक माप खाली यावे. उचलता येण्यापेक्षा थांबवता येणे महत्त्वाचे आहे, कारण जो घण आपण थांबवू शकत नाही तो चुकल्यावर कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो.

चालवताना एक हात दांड्याच्या टोकाशी स्थिर ठेवावा आणि दुसरा डोक्याजवळून सुरू करून खाली येताना टोकाकडे सरकवावा. डोळ्यांना संरक्षक चष्मा, पायांत पुढे पोलादी टोपी असलेले बूट, काँक्रीट किंवा दगड असेल तर धूळ अडवणारा मुखवटा, कारण त्या धुळीतले सिलिका फुप्फुसांत साठते आणि पुन्हा निघत नाही. भिंत असेल तर ती भार पेलणारी नाही ना, आत तारा किंवा नळ नाहीत ना, हे आधी तपासावे. घण घुमण्याच्या टापूत, विशेषतः मागे, कोणीही उभे नसावे.

७.३ किलोचे ते पहिले डोके मी टाकून दिले नाही. त्याला ४० सेंटिमीटरचा आखूड दांडा बसवला. कुंपणाच्या डुगडुगणाऱ्या खांबावर खिळा मारायचा असतो तेव्हा खांब प्रत्येक ठोक्याला मागे झुकतो आणि खिळा आत जात नाही. अशा वेळी ते डोके मी खांबाच्या मागच्या बाजूला दाबून धरतो आणि पुढून साधी हातोडी चालवतो. खांब हलत नाही आणि खिळा चार ठोक्यांत बसतो. फोडण्यासाठी मी ३.६ किलोचाच घण वापरतो.